प्रवास कोणाचा, ओझे कोणाचे?

मराठी प्रवासवर्णनांची समीक्षा वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. लेखकाने काय पाहिले, निसर्गवर्णन कसे साधले, विनोद कसा खुलला, परक्या संस्कृतीकडे तो किती मोकळ्या मनाने गेला, याची चर्चा भरपूर होते. प्रवासी रात्री कुठे झोपला, त्याला पाणी कोणी दिले, आणि देण्यापूर्वी त्याचे नाव-गाव विचारले की नाही, ही चर्चा क्वचितच होते. हा प्रश्न समाजशास्त्राचा, साहित्याचा नव्हे, असे म्हणून बाजूला ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते मान्य नाही. ज्याला मुक्कामाची आणि पाण्याची चिंता नाही त्याचेच डोळे देवळाच्या कळसाकडे आणि मावळत्या सूर्याकडे जातात. ज्याला ती चिंता आहे त्याचे डोळे माणसांच्या चेहऱ्यावर असतात. ही दोन वेगळी वाङ्मये आहेत, आणि त्यांतल्या एकालाच आपण ‘प्रवासवर्णन’ म्हणत आलो आहोत.

हे मला उशिरा कळले. माझी चूक आधी सांगतो.

माझे गाव लवळे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे. मी अनेक वर्षे एका शाळेत मराठी शिकवले. एका वर्षी नववीच्या वर्गाला ‘माझा अविस्मरणीय प्रवास’ हा निबंध दिला. बहुतेकांनी महाबळेश्वर, कोकण, सिंहगड लिहिले. जे कुठेच गेले नव्हते त्यांनी गाइडमधले महाबळेश्वर उतरवून काढले, आणि त्यांना मी दहापैकी सहा दिले. एका मुलीचे आईवडील परभणीकडून बांधकामावर आले होते. तिने लिहिले की आम्ही रात्री ट्रकने निघालो. आई पाण्याच्या कॅनवर हात ठेवून बसली होती, कारण उतरल्यावर पाणी कोण देईल ते ठाऊक नव्हते. मुकादमाने दोनदा जागा बदलली. शेवटी मुरमाच्या ढिगाशी उतरवले. लहान भावाने विचारले, पुणे कुठे आहे? वडील म्हणाले, हेच. निबंध तिथेच संपला होता. खाली मी लाल शाईने शेरा मारला, ‘विषय समजलेला नाही. स्थळाचे वर्णन हवे.’ आणि गुण दिले चार.

त्या वेळी माझ्या कपाटात बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ होते. मी ते वाचलेही होते. तरी माझ्या हातातली लाल शाई मला महाविद्यालयात शिकवलेल्या वाङ्मयप्रकाराच्या व्याख्येची होती. व्याख्या किती खोल जाते पाहा. ज्यांना तिने बाहेर ठेवले त्यांच्याच हातून ती आपले काम करून घेते.

तेव्हा त्या व्याख्येकडेच वळू. मराठी प्रवासवर्णनाच्या परंपरेची गोष्ट निघाली की विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे नाव प्रथम येते. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरात कर्ज होते. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता होती, आणि दक्षिणेची आशा होती. वाटेत बंड पेटले, झाशीचा वेढा पाहिला, लुटले गेले, जीव कसाबसा वाचला. हे पुस्तक चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापले आणि मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आणला. पुस्तक थोर आहे, यात मला शंका नाही. राजवाड्यांच्या बखरी ज्या काळी लिहिल्या जात होत्या त्या काळचा एक गरीब माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहितो, हेच केवढे मोठे आहे.

पण हा गरीब माणूस प्रवास करू शकला कशाच्या जोरावर? पैसा नव्हता. लष्कर, अधिकार काही नव्हते. त्याच्याजवळ होती जात. अनोळखी शहरात उतरावे, ब्राह्मणाचे घर किंवा देऊळ विचारावे, स्नानसंध्या करावी, पंक्तीला बसावे. हे जाळे कोकणापासून गंगाकाठापर्यंत पसरलेले होते. दारिद्र्यातही भारत त्याला खुला होता. लुटले गेल्यावरही पुढच्या गावी त्याची ओळख पुन्हा उभी राहत होती, कारण ती बोचक्यात बांधलेली नव्हती. मी हे भटजींवर आरोप म्हणून लिहीत नाही. त्यांनी जे भोगले ते खरे आहे. परंतु त्यांच्या पुस्तकावर लिहिणाऱ्यांनी या जाळ्याला ‘त्या काळचे आतिथ्य’ असे गोड नाव दिले, तिथे माझी तक्रार आहे. ते आतिथ्य सर्व प्रवाशांना मिळत नव्हते. आपल्याला मिळणार नाही हे ज्यांना माहीत होते ते निघतच नव्हते.

निघत नव्हते, हेही अर्धेच खरे. आता लवळ्याची गोष्ट सांगावी लागेल.

माझे आजोबा येसकर होते. महार वतनाची कामे कोणती, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. तरी एका कामाकडे लक्ष वेधतो, कारण आपल्या लेखनातही ते मेलेल्या ढोरांच्या आणि चावडीच्या वर्णनाखाली दबून जाते. गावात येणाऱ्या अंमलदाराला, परक्या माणसाला वाट दाखवणे आणि त्याचे ओझे वाहणे, हे महाराचे काम होते. आजोबा मामलेदाराच्या माणसाचे बोचके डोक्यावर घेऊन पिरंगुटच्या नाहीतर नांद्याच्या शिवेपर्यंत जात. शिवेवर पलीकडच्या गावचा महार उभा असे. बोचके त्याच्या डोक्यावर जाई आणि आजोबा परत फिरत. पावसाळ्यातली निसरडी वाट, ओढ्याचा उतार, शिवेचा दगड कुठे आहे आणि तो कोणी सरकवला, हे सारे त्यांना अंधारात ठाऊक होते. शिवेच्या भांडणात साक्ष महाराची घेत. गावाचा भूगोल ज्याच्या पायांत होता त्याला त्या गावाच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता.

रोज चालणारा हा माणूस प्रवासी नव्हता. त्याचे चालणे शिवेवर तुटत होते. महाराष्ट्रातून गेलेल्या कितीतरी साहेबांनी, पंडितांनी, यात्रेकरूंनी आपले प्रवास लिहिले. त्यांच्या पुढे पंधरा पावलांवर कंदील किंवा चूड घेऊन कोण चालत होते? वाटाड्या म्हणून त्याचा एका ओळीत उल्लेख झाला तर झाला. शिवेशिवेवर बदलत गेल्यामुळे त्याला नाव पडत नाही. १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि आजोबांच्या डोक्यावरचे बोचके उतरले. वाङ्मयात ते अजून उतरलेले नाही.

आता ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’कडे येतो. हे लेखन बाबासाहेबांनी १९३५च्या सुमारास केले असे मानतात. ते हस्तलिखितात राहिले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिका म्हणून छापले आणि १९९३ साली महाराष्ट्र शासनाच्या बाराव्या खंडात आले. आपल्याकडे ते आत्मचरित्राचा तुकडा म्हणून किंवा अस्पृश्यतेच्या पुराव्याचा कागद म्हणून वाचले जाते. ते दोन्ही आहेच. मला ते प्रवासवर्णन म्हणून वाचायचे आहे, आणि माझा दावा असा की तसे वाचल्याशिवाय त्याची रचनाच ध्यानात येत नाही. त्याचे शीर्षक पाहा. व्हिसा परदेशी जायला लागतो. इथे तो स्वतःच्या देशात मिळत नाही. शिवाय बाबासाहेब सुरुवातीसच सांगतात की हे परदेशीयांसाठी लिहिले आहे, कारण त्यांना अस्पृश्यता ऐकून माहीत असते, पण तिची झळ समजत नाही. युरोपीय प्रवासी हिंदुस्थानात येऊन हिंदुस्थानचे वर्णन आपल्या लोकांसाठी लिहीत असत. इथे हिंदुस्थानी माणूस आपल्याच देशातला आपला प्रवास त्यांच्यासाठी लिहितो आहे. कोण कोणाला काय दाखवतो, हे सगळे नातेच इथे उलटले आहे.

पहिला प्रसंग १९०१ सालचा. साताऱ्याहून वडिलांकडे जायला भीमराव आपल्या भाऊ-भाच्यांबरोबर आगगाडीने निघाला. वय नऊ-दहा. नवे विलायती कापडाचे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने चांगल्या कपड्यांवरून ही ब्राह्मणांची मुले समजून आपुलकीने चौकशी केली. जात ऐकल्यावर त्याचा चेहरा पालटला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि मुलांनी गाडी हाकावी, गाडीवानाने बाजूने चालावे, असा सौदा झाला. डबा बरोबर होता, पण पाणी नव्हते, म्हणून डबा तसाच ठेवून मुले उपाशी झोपली.

या प्रसंगावर रडून मोकळे होणे सोपे आहे. समीक्षकाने रडू बाजूला ठेवून पाहावे. प्रवासवर्णनाचा प्राण तपशिलात असतो, आणि इथे तपशील कसे निवडले आहेत ते पाहण्यासारखे आहे. टोपी, धोतराचा काठ, डबा, भाड्याची घासाघीस, नाक्यावरचे विचारणे. झाडे, डोंगर, आभाळ नाही. साताऱ्याचा तो मुलूख कुरूप आहे म्हणून नव्हे. तहानलेल्या मुलाला डोंगर दिसत नाहीत. नाक्यावर पाणी मागताना मुलांना आपण मुसलमान आहोत असे सांगायला शिकवले जाते. प्रवासात माणूस आपल्या ओळखीपासून थोडा सुटतो, हा तर प्रवासवर्णनकारांचा आवडता आनंद. इथे ओळख सोडली ती पाण्यासाठी, आणि पाणी तरीही मिळाले नाही.

बडोद्याचा प्रसंग १९१७ सालचा. अमेरिका-इंग्लंडातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे बाबासाहेब सांगतात. परदेशाहून परतलेल्या मराठी प्रवाशाची सारी पुस्तके ‘शेवटी आपले घर ते आपले घर’ या सुरावर येऊन थांबतात. इथे घरी परतणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो, उतरू कुठे? पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहतात. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहतात. मग सामान उचलून, मुंबईची गाडी सुटेपर्यंत कमाठी बागेत बसणे. बडोद्याच्या बागेचे वर्णन मराठीत इतरांनीही केले असेल. एखाद्या बाकड्यावर रात्रीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या माणसाने केलेले वर्णन हे एकच.

चाळीसगावचा प्रसंग मला साहित्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा वाटतो. १९२९ साली बाबासाहेब तिथे उतरले. वस्तीतल्या लोकांना त्यांना टांग्यातून न्यायचे होते. टांगेवाला महाराला बसवून हाकायला तयार नव्हता. पाहुण्याने पायी चालावे हे लोकांना पटेना. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि त्यांच्यातलाच एकजण हाकायला बसला. त्याला हाकता येत नव्हते. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा नदीत गेले. कारण त्यांना नंतर कळले. हलके काम करणारा टांगेवाला स्वतःला बॅरिस्टरापेक्षा वरचा समजतो, हे त्यांनी नोंदले. पण तिथेच ते थांबत नाहीत. आपल्या लोकांनी पाहुण्याच्या इभ्रतीसाठी त्याच्या जिवाची जोखीम घेतली, हेही ते बघतात. तक्रारीचा कागद लिहिणारा माणूस ही बाजू मांडत नाही, कारण ती गाऱ्हाण्याला सोयीची नसते. ती मांडायला लेखक लागतो. आमच्या चळवळीत आजही इभ्रतीपायी टांगा कोणाच्याही हाती देण्याची सवय आहे, पण तो विषय वेगळा.

आणि दौलताबाद. १९३४ साली सुमारे तीस जणांचा जथा वेरूळ पाहायला निघाला होता. म्हणजे ही शुद्ध सहल, आज ज्याला पर्यटन म्हणतात ते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचा होता. दाराशी पाण्याची टाकी होती. प्रवासाच्या धुळीने भरलेले हातपाय धुतले. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की ढेडांनी टाकी बाटवली. जमाव जमला. शेवटी सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्यात किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. ज्यांना वाटते की ही एका धर्माचीच गोष्ट आहे त्यांनी हा प्रसंग आणि पारशी धर्मशाळेचा प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत. बाबासाहेबांनी ते मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. किल्ल्याचे वर्णन या लेखनात नाही. बंदुकीच्या पहाऱ्यात पाहिलेल्या किल्ल्याचे काय वर्णन करणार?

आता पु. ल. देशपांडे. ‘अपूर्वाई’ १९६० साली आली, ‘पूर्वरंग’ १९६३ साली. ती वाचताना मी मोठ्याने हसलो आहे आणि आजही हसतो. स्वतःवर हसण्याची जी ताकद त्या लेखनात आहे ती मराठीत दुर्मिळ आहे. माझा प्रश्न त्यांच्या ‘आपण’बद्दल आहे. या पुस्तकांत जगाला सामोरा जाणारा जो मराठी माणूस आहे, त्याच्या घरचे पदार्थ, त्याची गाणी, त्याचे बावरणे, सगळे एका विशिष्ट थरातले आहे आणि ते सर्व मराठी माणसांचे म्हणून चालते. वाचणाऱ्या मुलालाही वाटते की हे माझेच. मलाही वाटले होते. इतक्या प्रेमाने कोणी आत घेतले की आपण बाहेर आहोत हे विसरायला होते. मीना प्रभूंच्या पुस्तकांनी पुढे हा वाचक आणखी वाढवला, आणि आता सहलकंपन्यांची माहितीपत्रकेही त्याच भाषेत बोलतात.

अण्णा भाऊ साठे यांचा ‘माझा रशियाचा प्रवास’ याच दशकातला. ते १९६१ साली रशियाला गेले. त्याआधी अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० साली आले होते आणि मराठी प्रवासवर्णनाला त्याने नवे वळण दिले, असे सगळीकडे शिकवले जाते. अण्णा भाऊंचे पुस्तक कुठे शिकवतात? वाटेगावचा मातंगाचा हा मुलगा लहानपणी बापाबरोबर मुंबईपर्यंत पायी आला होता. त्याने ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ १९४३ साली रचला, रशिया पाहण्याच्या कितीतरी आधी. घाटकोपरच्या चिरागनगरातून तो मॉस्कोला गेला. पायी मुंबई आणि विमानाने मॉस्को, हे दोन प्रवास एकाच आयुष्यातले आहेत आणि पहिल्याशिवाय दुसरा समजत नाही.

तरी या पुस्तकाविषयी मला पूर्ण समाधान नाही, हेही सांगितले पाहिजे. अण्णा भाऊ यजमानांनी दाखवलेला रशिया पाहतात. ‘फकिरा’ लिहिणाऱ्या, सत्तेचा संशय घेणाऱ्या लेखकाची नजर तिथे निवळते. भक्ताची होते. स्टालिनच्या छावण्यांची चर्चा जगात सुरू झालेली होती. त्या प्रश्नाची सावली पुस्तकावर पडत नाही. पण मी त्याचे कारण शोधतो तेव्हा मला वैचारिक भाबडेपणाइतकेच दुसरेही काही दिसते. जन्मभर ज्याला दारात उभे केले त्याचे कोणी आदराने स्वागत केले, तर तो घरातले कोपरे तपासत बसत नाही. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. पुतळा उभारणे सोपे असते. ते पुस्तक प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमात काणेकरांच्या शेजारी लावणे अवघड दिसते.

आणखी एक चालणारा समाज आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींचे फिरणे हाच गुन्हा ठरवला. हजेरी द्यायची, परवाना घेतल्याशिवाय हलायचे नाही, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात राहायचे. १९५२ साली तो कायदा गेला, संशय गेला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’ (१९८३) ही आत्मकथने आहेतच. पण त्यांचे कथानक म्हणजे प्रवासच आहे. गाढवावरचा संसार, आज या गावाबाहेर पाल, उद्या त्या गावाबाहेर. स्थानिक रूढी, बोली, पाटलाचा स्वभाव, कोणत्या गावी भाकरी मिळते आणि कोणत्या गावी कुत्री सोडतात, याचे असे बारीक ज्ञान कोणत्या प्रवासवर्णनात आहे? हौसेने हिंडणाऱ्याला आपण भटका म्हणून गौरवतो. जन्माने भटक्याला पोलीस ठाण्यात बसवतो. शब्द एकच आहे.

समुद्राचेही तेच. परदेशगमनाच्या प्रायश्चित्तावर महाराष्ट्रात गेल्या शतकाआधी केवढे वाद रंगले. ते सारे शिकून, बॅरिस्टर होऊन परतणाऱ्यांचे. त्याच्याही आधी, १८३४पासून, हिंदुस्थानातले मजूर करारावर मॉरिशसला जात होते आणि त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या त्यांनी चढल्या. २००६ साली तो जागतिक वारसा ठरला. आजही तिथे मराठी आडनावे आहेत. मराठीतला पहिला मोठा परदेशप्रवास हा अडाणी मजुरांचा होता आणि त्याचे प्रवासवर्णन नाही. ऊर्मिला पवार यांनी मॉरिशसवर प्रवासवर्णन लिहिले, त्याचे मला म्हणून महत्त्व वाटते. जोतीरावांनी तर देशाबाहेर पाऊल न टाकता १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. जगाकडे पाहण्यासाठी पारपत्रच लागते असे नाही.

लवळ्याला आता जगच आले आहे. आमच्या टेकडीवर विद्यापीठे उभी आहेत आणि देशोदेशीची मुले तिथे शिकतात. सिंबायोसिस ही संस्था डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ साली काढली ती परक्या देशातून पुण्यात आलेल्या विद्यार्थ्यांचे हाल पाहून. मॉरिशसच्या एका आजारी विद्यार्थ्याची हकीकत ते सांगत आले आहेत. याच संस्थेने पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तूंचे संग्रहालय केले आहे. ज्याला बडोद्यात खोली मिळाली नाही त्याचे सामान तिथे काचेआड नीट ठेवले आहे. मी गेलो की त्या वस्तूंसमोर जरा जास्तच वेळ रेंगाळतो.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शहरातल्या एका संस्थेने (टेकडीवरच्या नव्हे) काही परदेशी तरुणांना ‘ग्रामीण संस्कृती’ दाखवायला गावात आणले. देऊळ दाखवले, बैलगाडीत बसवले, फेटे बांधले, चुलीवरची भाकरी खायला घातली. त्यांतल्या एका मुलीने दूरचा निळा झेंडा पाहून तिकडे काय आहे असे विचारले. बरोबरचा माणूस म्हणाला, तिकडे पाहण्यासारखे काही नाही. हे मला नंतर तिनेच सांगितले, कारण ती जेवणानंतर एकटीच वस्तीत आली. विहाराशी चप्पल काढून बसली. कोटातले हे गृहस्थ कोण, म्हणून विचारू लागली. वस्तीतला एक कॉलेजचा मुलगा दुभाषा झाला आणि मी बोलू लागलो.

काय बोललो? कोलंबिया विद्यापीठ सांगितले. लंडनचे किंग हेन्रीज रोडवरचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली घेतले ते सांगितले. जपानात कोयासानला पुतळा आहे, हंगेरीत रोमा मुलांची शाळा त्यांच्या नावाने चालते, हे सांगितले. चहा पाजला. ती गेल्यावर माझ्या ध्यानात आले की मी तिला शिव दाखवली नाही, आजोबांचे बोचके सांगितले नाही. मीही पाहण्यासारखे तेवढेच दाखवले.

आमच्या नव्या प्रवासलेखनाची अडचण इथेच आहे. आता आमची माणसे लंडनला जातात, बोधगयेला, श्रीलंकेला, थायलंडला जातात, आणि लिहितात. चांगले आहे. त्यांनी जावे, भरपूर जावे. पण लिहिलेले वाचले की वाटते, ‘अपूर्वाई’तला विनोद तेवढा वगळून बाकी साचा उचलला आहे. विमानातली पहिली भीती, स्वच्छ रस्ते, शिस्त, पुतळ्याला हार, सामूहिक छायाचित्र. बँकॉकच्या विहारातली सोनेरी मूर्ती दिसते. तो विहार पहाटे झाडणारी बाई कुठल्या गावची, हे विचारायला आमचा माणूस थांबत नाही. ज्याच्या आजोबांनी परक्यांची बोचकी वाहिली त्याने तरी हॉटेलात आपली बॅग उचलणाऱ्या पोऱ्याकडे नीट पाहायला हवे होते.

मी वस्तीतल्या एका आजींची हकीकत लिहून घ्यायला लागलो आहे. डिसेंबर १९५६मध्ये त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. बाबासाहेब गेल्याची बातमी संध्याकाळी लवळ्यात आली आणि वस्तीतली माणसे रात्रीच पुण्याच्या स्टेशनकडे चालत निघाली, दादरची गाडी धरायला. आजी वडिलांच्या खांद्यावर होत्या. कंदील कोणाच्या हातात होता, सुसला कोणाचे कुत्रे भुंकले, कोणत्या बाईने वाटेत चपला हातात घेतल्या, सगळे त्या सांगतात. मध्येच थांबतात, पान लावतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. चार बैठकी झाल्या. अजून आम्ही पाषाणपर्यंतच आलो आहोत.